शेंगेन व्हिसाची फाइल: आधी रात्री मोजा, मग कागद जमवा

युरोप फिरायला निघालेल्या माणसाचा अर्ज मंजूर करायचा की नाही, हे ठरवणारा अधिकारी त्या माणसाला बहुतेक वेळा बघतच नाही. व्हिसा केंद्राच्या काउंटरवर कागद घेणारी मंडळी निर्णय घेत नाहीत, आणि निर्णय घेणारे कॉन्सुलेटमध्ये फाइल उघडून बसलेले असतात. त्यांना कळतं ते कागदांवरूनच: हे कुटुंब कुठे जाणार, खर्च कोण करणार, आणि परत का येणार. बँकेत भरपूर पैसे असूनही नकार येतो तो बऱ्याचदा यामुळे, की हॉटेलच्या तारखा एक सांगतात, रजेचं पत्र दुसरंच सांगतं आणि विमा तिसरंच.

इथे आपण पर्यटनाच्या किंवा नातेवाइकांना भेटण्याच्या अल्पकालीन व्हिसाबद्दल, म्हणजे 'सी' प्रकाराबद्दल बोलतोय. हा व्हिसा शेंगेन गटातल्या, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या, २९ युरोपीय देशांत चालतो. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत ॲमस्टरडॅम करायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेल आणि शेंगेनचा व्हिसाही किमान दोन प्रवेशांचा लागेल. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर लंडनला गेलात की तो तिथेच संपला.

अर्ज कोणत्या देशाकडे?

'ज्या देशाच्या तारखा मिळतील तिथे अर्ज करू' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच सगळ्यात महाग पडतो. नियम असा: ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील, तर ज्या देशाच्या सीमेवरून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे.

उदाहरण घ्या. पॅरिस ४ रात्री, इंटरलाकन ५ रात्री, रोम ३ रात्री. विमान पॅरिसला उतरतं, परतीचं रोमहून आहे, तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे. आता कुणाच्या तरी हट्टापायी इंटरलाकनची एक रात्र कमी करून ती रोमला दिली, तर झाल्या ४-४-४ रात्री. मग पहिला प्रवेश बघितला जाईल. त्यात विमान फ्रँकफर्टला बदलत असेल तर गुंता वाढतो, कारण इमिग्रेशन पॅरिसला नव्हे, फ्रँकफर्टलाच होतं. बरोबरी येऊच देऊ नका. एक रात्र इकडची तिकडे करा आणि एक देश ठळकपणे पुढे ठेवा.

अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. जहाजावर नोकरी करणाऱ्यांना कामासाठीच्या प्रवासाचा अर्ज ९ महिने आधी करता येतो. कोकणात नि गोव्यात हे माहीत असलेलं बरं. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, पण शंका आली तर मुदत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात आपल्याकडून झुंबड उडते. मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये तारखा मिळणं अवघड होतं. मे महिन्यात निघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत हालचाल सुरू करा. आणि एक विसरू नका, या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. मधेच दुबईची ऑफिसची खेप निघाली तर पंचाईत.

व्हिसा केंद्रं खासगी कंपन्या चालवतात: बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल घेतं, स्पेनचे बीएलएस. अपॉइंटमेंट केंद्राच्या अधिकृत साइटवरून स्वतः घ्या. ती मिळवून द्यायचे वेगळे पैसे मागणाऱ्यांकडे कोणताही खास कोटा नसतो.

पासपोर्ट, नाव आणि माहेरचं आडनाव

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही जोडा. आधीचे प्रवास करून वेळेत परत आल्याचा पुरावा त्यांतच असतो.

नावाची गडबड मराठी घरांत हमखास होते. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, पॅन कार्डावर नुसती आद्याक्षरं असतात, बँकेत तिसरंच काही. अर्ज, विमान, हॉटेल, विमा या चारही ठिकाणी पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसंच नाव घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या अर्जात 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा वेगळा रकाना असतो. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. अनेक जणी सवयीने सासरचंच लिहितात. बँकखातं अजून माहेरच्या नावावर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईंची आहेत हे कळेल.

फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, गेल्या ६ महिन्यांतला, फिकट पार्श्वभूमीवर, चेहऱ्याने ७० ते ८० टक्के जागा व्यापलेला. स्टुडिओत 'शेंगेनचा फोटो' असं स्पष्ट सांगा, नाहीतर अमेरिकेचा चौकोनी फोटो हातात पडतो. पांढरा सदरा घालून पांढऱ्या पडद्यासमोर बसू नका, खांदे कुठे संपतात तेच दिसत नाही.

पैसे: किती, आणि कसे दिसतात

रोजच्या खर्चाचे आकडे प्रत्येक देश ठरवतो. फ्रान्समध्ये हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी रोज ६५ युरो धरतात, बुकिंग नसेल तर १२०. स्वित्झर्लंडमध्ये माणशी रोज १०० फ्रँक. चौघांच्या बारा दिवसांच्या सहलीला स्विस हिशेबाने ४,८०० फ्रँक होतात. विमानाची तिकिटं वेगळी. हा किमान आकडा आहे. त्याच्या काठावर येऊन थांबलेलं खातं कुणालाच बरं वाटत नाही. सहलीचा सगळा खर्च काढूनही खात्यात काही उरेल, असं दिसायला हवं.

स्टेटमेंट देशानुसार ३ किंवा ६ महिन्यांचं लागतं. बँकेचा शिक्का आणि सही मारून घ्या. मोबाइल ॲपमधून काढलेला कागद काही केंद्रांवर परत दिला जातो.

अधिकारी शेवटच्या शिलकीपेक्षा खात्याची चाल बघतो. समजा, तीन महिने खात्यात पंधरा-वीस हजारांच्या आसपास रक्कम फिरते आहे. २२ तारखेला एकदम ६,००,००० जमा होतात आणि २५ तारखेला स्टेटमेंट काढलं जातं. हे पैसे तीन दिवसांसाठी कुणाकडून तरी आणलेत, असाच याचा अर्थ लावला जाणार. पैसे खरोखरच तुमचे असतील, म्हणजे मुदत ठेव मोडली असेल, भिशी लागली असेल, प्लॉट विकला असेल, तर त्या नोंदीला पेनाने खूण करा आणि तिचा पुरावा लगेच मागच्या पानावर लावा: ठेव मोडल्याची पावती, खरेदीखताची प्रत. भिशीला पावती नसते, म्हणून ती रक्कम निदान तीन महिने आधी खात्यात आलेली असू द्या.

मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, घराची कागदपत्रं हे सगळं आधाराला ठीक. पण त्यातून रोजचं जेवण विकत घेता येत नाही, त्यामुळे बचत खात्याची जागा ती घेत नाहीत.

परत यायचं कारण

नोकरदारांचं काम सोपं असतं: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ किंवा प्राप्तिकर विवरणपत्र, आणि कंपनीच्या लेटरहेडवर रजेचं पत्र. या पत्रात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, मंजूर रजेची पहिली आणि शेवटची तारीख, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि संपर्क हवा. 'आमची हरकत नाही' एवढंच लिहिलेलं पत्र अपुरं. रजा ३ ते १५ मे आणि परतीचं विमान १६ ला रात्री, असं दिसलं की प्रश्न उभा राहतो.

दुकानदार आणि व्यावसायिकांनी गुमास्ता किंवा शॉप ॲक्टचा दाखला, जीएसटी नोंदणी, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं आणि चालू खात्याचं स्टेटमेंट, हे सगळं लावावं. रोखीतला धंदा मोठा आणि विवरणपत्रातलं उत्पन्न तीन लाख, ही फाइल अडकते. त्याला आयत्या वेळचा इलाज नाही.

शेतकरी कुटुंबांची अडचण वेगळी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र रिकामं दिसतं किंवा भरलेलंच नसतं. युरोपातून आलेल्या अधिकाऱ्याला ऊस आणि सातबारा दोन्ही अनोळखी. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, त्यांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर, कारखान्याची ऊसबिलं किंवा आडत्याच्या पट्ट्या, आणि तीच रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद अशी जोडी लावा. पट्टीवरचा आकडा आणि खात्यातला आकडा एकमेकांसमोर दिसला की भाषांतराचंही फार काम उरत नाही. सोबतच्या पत्रात 'भारतात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही' हे एक वाक्य आवर्जून घाला.

निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होत असलेलं खातं दाखवावं. मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाइड किंवा रजेचं पत्र. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत.

मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी नुसतं 'या, आमच्याकडे राहा' असं ईमेल पुरत नाही. जर्मनीत खर्च मुलगा उचलणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र काढायचं, त्याला तिकडे 'फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात, आणि त्याची मूळ प्रत कुरिअरने इकडे पाठवायची. फ्रान्समध्ये घरी राहणार असाल तर यजमानाने नगरपालिकेतून निवासाचा दाखला काढावा लागतो. नेदरलँड्सचा ठरावीक फॉर्म आहे आणि त्यावरची सही तिथल्या पालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते. या कार्यालयांच्या वेळा मिळायलाच काही आठवडे जातात. मुलाला आधी कामाला लावा, मग इथली अपॉइंटमेंट घ्या.

तिकीट, हॉटेल, विमा

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. आरक्षण पुरतं. मात्र 'डमी तिकीट' म्हणून दोन-तीनशे रुपयांत मिळणारा कागद घेऊ नका. त्यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो आणि तो तिथे सापडला नाही तर अख्ख्या फाइलवरचा विश्वास जातो. पैसे परत मिळणारं तिकीट किंवा विमान कंपनीनेच काही काळ धरून ठेवलेलं आरक्षण हे सरळ मार्ग.

हॉटेल फुकट रद्द करता येणारं घ्या, पण निर्णय होईपर्यंत रद्द करू नका. कॉन्सुलेटमधून हॉटेलला विचारणा होऊ शकते. बुकिंगवर चौघांचीही नावं हवीत. बुकिंग साइट एकाचंच नाव छापते आणि बाकी तिघं 'कुठे राहणार' हा प्रश्न मागे राहतो. हॉटेलला मेसेज करून नावं घालून घ्या. आणि एकही रात्र मोकळी सोडू नका, रात्रीची रेल्वे असेल तर तसं लिहा.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च देणारा हवा. पॉलिसीवर रक्कम डॉलरमध्ये असेल तर ती युरोत पुरेशी होते का बघा. तारखा उतरण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत धरा आणि शेवटी दोन-तीन दिवस जास्तीचे घ्या. ज्येष्ठांच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांची अट वाचा. व्हिसाला ती आड येत नाही, पण म्युनिकमध्ये छातीत दुखलं तर येते.

या सगळ्यावर एका पानाचं पत्र, इंग्रजीत. कोण जातंय, नातं काय, कुठून कुठे, खर्च कोणाचा, परत येऊन काय करणार. त्याखाली तारीखवार तक्ता: ३ मे मुंबईहून पॅरिस, मुक्काम अमुक हॉटेल, ७ मे पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया या रेल्वेने बाझेल, पुढे इंटरलाकन, १२ मे रोमला. हा तक्ता एकदा पक्का झाला की बाकीचे सगळे कागद त्याच्याशी ताडून बघा, बोट ठेवून, एकेक तारीख. घरातल्या ज्या माणसाने कागद जमवले नाहीत त्याला हे काम द्या, चुका त्यालाच दिसतात.

केंद्रावर

फी १२ वर्षांपासून पुढे ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. शिवाय केंद्राचा सेवाखर्च. नकार आला तरी फी परत मिळत नाही. प्रीमियम लाउंज, एसएमएस, झेरॉक्स वगैरे सेवा ऐच्छिक असतात आणि निर्णयावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. कोल्हापूर-नागपूरकडून येणाऱ्यांनी पासपोर्ट घरपोच मागवायचा कुरिअर मात्र घ्यावा, दुसरी खेप वाचते.

दहा बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. १२ वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. अर्जात तसा रकाना आहे, जुन्या व्हिसाचा क्रमांक तिथे लिहा. मेंदी ओली-ताजी असताना किंवा बोटाला जखम असताना जाऊ नका.

काउंटरवर 'हा कागद लागत नाही' म्हणून काही परत केलं, तर नम्रपणे 'राहू द्या' म्हणा. 'हा कागद कमी आहे, तरी अर्ज द्यायचा का' असं विचारून सही मागितली, तर थांबा. तो कागद त्याच दिवशी आणता येतो का ते आधी बघा.

पासपोर्ट परत आल्यावर

पाकीट तिथेच उघडा आणि स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशांची संख्या, पासून-पर्यंतच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस. शेवटचे दोन आकडे लोक हमखास गोंधळतात. एकदाच्या प्रवासाच्या व्हिसात तारखांना १५ दिवसांची सवलत जोडलेली असते, म्हणजे बेत चार दिवस पुढे गेला तरी चालावं. पण मुक्कामाचे दिवस १३ लिहिले असतील तर १३ च. 'पर्यंत'ची तारीख महिनाअखेरीची दिसते म्हणून तोवर राहता येत नाही. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजला जातो. चूक दिसली तर लगेच कळवा, घरी गेल्यावर नाही.

मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी ९०/१८० चा नियम: कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजा, त्यांत ९० पेक्षा जास्त दिवस शेंगेनमध्ये गेलेले नसावेत. १ मार्चला गेलात आणि २९ मेला परतलात, तर ९० दिवस पूर्ण झाले. बहुप्रवेशी व्हिसा असला तरी पुढचा प्रवेश २८ ऑगस्टच्या आधी नाही. युरोपीय आयोगाच्या साइटवर याचं गणकयंत्र आहे.

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून एक सवलत आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर साधारणपणे दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अर्थात पासपोर्ट तेवढा शिल्लक असेल तर. म्हणून पहिले दोन व्हिसे सांभाळून वापरा. ज्या देशाचा व्हिसा घेतला तिथे मुक्कामच केला नाही, असं नंतर दिसलं तर पुढच्या अर्जाला ते नडतं.

नकार आला तर

नकाराचा फॉर्म सगळ्या देशांचा सारखाच, कारणांसमोर खुणा केलेल्या. 'मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही' अशी खूण असेल तर तक्ता, बुकिंग, निमंत्रण यांत खोट आहे. 'पुरेसं साधन नाही' म्हणजे बँक. 'परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका' म्हणजे नोकरी-धंद्याचे कागद किंवा एकट्या तरुण अर्जदाराची कच्ची बाजू. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते त्याच कागदावर असतं, आणि दर देशाचं वेगळं असतं.

नव्याने अर्ज करायला बंदी नसते. पण तीच फाइल आठ दिवसांनी दुसऱ्या देशाकडे देणं म्हणजे पुन्हा ९० युरो घालवणं. आधीचा नकार सामाइक संगणक प्रणालीत ५ वर्षांपर्यंत राहतो आणि तो सगळ्यांना दिसतो. ब्रिटनच्या अर्जात तर आधीचे नकार सरळ विचारतात, तिथे खरंच लिहा. खूण केलेल्या कारणाचा नवा कागद तयार झाला, की नवीन पत्रात पहिल्याच परिच्छेदात जुन्या नकाराची तारीख आणि या वेळी काय बदललंय ते लिहून अर्ज करा.